हरलेल्या माणसाचा विश्वास



न्यायाधीशावर लोकांचा विश्वास कशाने बसतो, हा आज आमचा विषय. विषय पंडिती वाटेल. पण त्याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापले. यवतमाळला वकिली केलेला हा माणूस. कायदा मोडतो आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांना कैद झाली. पण त्यामुळे लोकांत मान वाढला तो बापूजींचा, सरकारी न्यायाचा नव्हे. कायद्याप्रमाणे शिक्षा होणे निराळे आणि न्याय झाला असे लोकांना वाटणे निराळे.

राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ईस्टन यांनी १९६५ मध्ये लोकांच्या पाठिंब्याचे दोन प्रकार सांगितले. पहिला मनाजोगा निकाल लागल्यापुरता. पावसाळी नाल्यासारखा तो लगेच ओसरतो. दुसरा विहिरीच्या झऱ्यासारखा. निकाल विरुद्ध गेला तरी तो आटत नाही.

हा झरा लागतो कशाने? टॉम टायलर यांनी शिकागोच्या नागरिकांना पोलीस व कोर्टकचेऱ्यांचे अनुभव विचारले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सार असे की, माणूस केवळ निकाल पाहत नाही. आपले ऐकून घेतले काय, न्यायाधीश निःपक्षपाती होता काय, आपल्याला मानाने वागविले काय, हे तो अधिक पाहतो. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण अजून घेतो, ते काही त्यांनी आपला एखादा दावा जिंकून दिला म्हणून नव्हे!

मग न्यायाधीशाने लोकांची मर्जी राखावी काय? मुळीच नाही. मर्जी राखणाऱ्यावर पहिला अविश्वास मर्जीतलाच माणूस दाखवितो.

आता आपल्याकडे पाहू. केळापुराकडच्या कोलामाच्या घरात कोलामी, पुसदकडच्या तांड्यात गोरमाटी. अशा पक्षकाराला तालुक्याच्या कोर्टातली कागदी मराठीही परकी. दावा नागपूरला उच्च न्यायालयात गेला की सारे इंग्रजीत. दिवसभर बसून तो वकिलाला विचारतो, “काय झालं जी?” उत्तर मिळते, “तारीख पडली.” त्याचे ऐकले कोणी? त्याला समजावले कोणी?

जिंकलेला तर समाधानी असतोच. आम्हांस काळजी आहे ती हरलेल्याची. संध्याकाळच्या एसटीत बसताना तो जर म्हणेल, “हरलो खरा, पण माझं ऐकून घेतलं,” तर न्यायासन भक्कम आहे असे समजावे.