पोरक्या मुलांचा पहारेकरी

राजा हा अनाथांचा नाथ, असें आपल्याकडे म्हणण्याची चाल आहे. इंग्लंडांत हें नातें कायद्यानें जोडावयास फार वर्षें लागलीं, आणि प्रत्येक गांठ बसण्यापूर्वीं कोणा ना कोणा बालकाचा बळी पडला.

एकोणिसाव्या शतकांतील लंडनचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. अविवाहित माता आपलें तान्हें मूल वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचून एखाद्या परक्या बाईच्या हवालीं करी. मोबदला पुष्कळदां एकरकमी असे. या व्यवहारांतील मेख उघड आहे. पैसे एकदां हातीं पडले म्हणजे मूल जितकें लवकर मरेल तितका बाईचा फायदा अधिक! मार्गारेट वॉटर्स नांवाच्या अशा एका बाईस १८७० सालीं फांशी झाली, तेव्हां कोठें पार्लमेंटास जाग आली व १८७२ चा बालजीवसंरक्षणाचा कायदा झाला. एक वर्षाच्या आंतील एकाहून अधिक मुलें चोवीस तासांहून अधिक काळ पैसे घेऊन सांभाळणारानें आपलें नांव नोंदवावें, असा त्याचा आशय. “एकाहून अधिक” या दोन शब्दांनीं केवढें भगदाड ठेविलें! एकच मूल घेणारी बाई कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. या कायद्यास विरोध करणारांत स्त्रियांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या कांहीं सुशिक्षित स्त्रियाही होत्या. गरीब बायकांच्या घरांत सरकारी अंमलदारानें डोकावूं नये, हा त्यांचा आक्षेप. त्यांचा हेतु वाईट नव्हता. पण बोलतां न येणाऱ्या तान्ह्याची बाजू त्यांत कोठें आली? १८९६ सालीं अमेलिया डायर फांसावर चढली. पुढच्याच वर्षीं वयाची मर्यादा पांच वर्षांवर नेण्यांत आली. आणि तें एका मुलाचें भगदाड बुजलें तें १९०८ सालीं, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षांनीं.

सरकारी अनाथ मुलांची गोष्ट निराळी. कंगालखान्यांत वाढण्यापेक्षां खेड्यांतील एखाद्या कुटुंबांत वाढणें बरें, या विचारानें १८७० पासून अशीं मुलें दूरच्या गांवीं पोसावयास देण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या तपासणीसाठीं १८८५ सालीं मिस मॅसन या बाईंची नेमणूक झाली. या बाई मोठ्या खमक्या होत्या. घर झाडलेलें आहे, मुलाचें तोंड धुतलेलें आहे, एवढ्यानें त्यांचें समाधान होत नसे. त्या मुलाचे बूट व मोजे काढावयास लावीत आणि पाय पाहत. दंड व खांदे पाहत. पाहुणे येणार म्हणून चेहरा धुतां येतो, पण पायांवरील महिन्यांचा मळ व जखमा एका सकाळींत नाहींशा होत नाहींत, हें त्यांनीं ओळखलें होतें. साऱ्या कायद्यांच्या कलमांपेक्षां हें एक शहाणपण मोलाचें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

तें पुढें विसरलें गेलें. न्यूपोर्ट शहरच्या डेनिस ओ’नील या मुलास व त्याच्या भावंडांस, आईबापांच्या हयगयीमुळें, कोर्टानें नगरसभेच्या ताब्यांत दिलें होतें. नगरसभेनें जून १९४४ च्या अखेरीस डेनिसला, व पाठोपाठ त्याच्या धाकट्या भावाला, श्रॉपशायर परगण्यांतील एका शेतकरी जोडप्याकडे ठेविलें. जबाबदारी न्यूपोर्टची, शेत श्रॉपशायरमध्यें. युद्धामुळें दोन्हीकडे माणसांची वाण. डिसेंबरांत न्यूपोर्टहून एक कारकून बाई जाऊन आली व मुलांस तेथून हालवावें असें तिनें सांगितलें. नाताळ आला, गेला. मुलें तेथेंच राहिलीं. ९ जानेवारी १९४५ रोजीं बारा वर्षांचा डेनिस मारानें व उपासमारीनें मरण पावला. त्याच्या पाठीवर व छातीवर वळ होते, आणि मॅसनबाई जेथें प्रथम पाहत, त्या पायांवर चिघळलेल्या जखमा होत्या. धाकट्या भावानें कोर्टांत उभें राहून साक्ष दिली. शेतकऱ्यास सहा वर्षांची व त्याच्या बायकोस सहा महिन्यांची शिक्षा झाली.

सर वॉल्टर मॉन्क्टन यांनीं चौकशी केली. मूल आणि त्याचा सरकारी पालक यांचें नातें व्यक्तिगत असलें पाहिजे, तें कागदावर भागणारें नाहीं, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. नभोवाणीच्या श्रोत्यांस एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. याच प्रकरणावरून सुचलेली आगाथा ख्रिस्तीबाईंची नाटिका ३० मे १९४७ रोजीं बी. बी. सी. ने ध्वनिक्षेपित केली. राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ती लिहिली होती! तीच पुढें ‘द माउसट्रॅप’ या नांवानें लंडनच्या रंगभूमीवर गाजली.

मिस मायरा कर्टिस यांच्या कमिटीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. तींत धक्का देणारी गोष्ट क्रौर्याची नव्हे. क्रूरपणा कमिटीस क्वचितच आढळला. आढळली ती बेपर्वाई. पोरकीं मुलें अनेक खात्यांत वांटलेलीं, आणि कोणा एकाचींही नव्हेत. प्रत्येक स्थानिक संस्थेनें मुलांसाठीं एक स्वतंत्र अधिकारी नेमावा, व त्या अधिकाऱ्यानें मुलांस तोंडानें ओळखावें, ही तिची शिफारस. १९४८ च्या कायद्यानें ती उचलली. आणि नवल असें कीं, ज्या पद्धतींत डेनिस गेला, तीच, म्हणजे कुटुंबांत पोसावयास देण्याची रीत, त्या कायद्यानें आश्रमाच्या आधीं ठेविली. हें बरोबरच झालें. शेंकडों खाटांच्या दालनांत मुलास दूध मिळतें, मांडी मिळत नाहीं.

१९७१ सालीं मुलांचीं हीं स्वतंत्र खातीं मोठ्या समाजसेवा खात्यांत विलीन झालीं. दोनच वर्षांनीं, जानेवारी १९७३ मध्यें, ब्रायटन येथें मारिया कोलवेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारानें मेली. तिला सांभाळणाऱ्या आत्याच्या घरून काढून आईकडे परत पाठविण्यांत आलें होतें. शेजारी तक्रारी करीत होते, अधिकारी येऊन जात होते. आणि १९७४ च्या चौकशी अहवालांत पुन्हां तेंच निघालें, कीं एका कचेरीस जें ठाऊक होतें तें दुसरीस कळलें नव्हतें.