पहाटे रुसणारी पद्मिनी

निफाड तालुक्यातल्या आमच्या बचत गटाने दिवाळीनंतर जुनी पद्मिनी मोटार घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, पेट्रोलवर चालणारी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या, त्यामुळे आता ही गाडी दिसली की लोक थांबतात. थांबले की आमची शेंगदाण्याची चटणीही घेतात. गाडी घेण्यामागचं कारण तेवढंच.

पण पौषातल्या थंडीत पहाटे पाचला ती सुरूच होईना. दुपारी मात्र एका किल्लीत चालू. दोन बाजार बुडाले. एका मिस्त्रीने सांगितलं, कार्बोरेटर बदला, आठ हजार लागतील. पैसा गटाचा, म्हणून बैठकीत ठरलं की आधी दुखणं शोधायचं, मग खर्च.

तपासणी पहाटेच केली, कारण तापलेल्या इंजिनात हे दुखणं दिसत नाही. तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तेव्हाही आधी बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे असं समजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

पहिलं काम कानाचं. किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् झालं किंवा इंजिन रडत-रडत फिरलं, तर बॅटरीकडे जायचं. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिनही जड फिरतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. आमची दाखवत होती. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी मात्र होती. आधी ऋण टोकाची वायर काढून ती गरम पाण्याने धुतली. सेल्फ आणखी जोरात फिरू लागला, पण इंजिन काही पेटेना.

म्हणजे दुखणं ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये. थोडा वेळ सेल्फ मारून लगेच एक प्लग काढला. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, मग ठिणगीचा संशय घ्यायचा. आमचा प्लग कोरडा ठणठणीत. टाकीत पेट्रोल होतं, नळी फुटलेली नव्हती, आणि दुपारी गाडी नीट चालत होती, म्हणजे पंपही ठीक. मग राहिला चोक.

थंडीत धुणं लवकर वाळत नाही, तसंच पेट्रोलचंही आहे. थंड इंजिनात त्याची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ते काम चोकचं. एकीने आत बसून चोकचं बटण ओढलं, दुसरीने टॉर्च धरून कार्बोरेटरकडे पाहिलं. बटण पुरतं बाहेर आलं, पण कार्बोरेटरवरची पट्टी जेमतेम हलली. वायर धरून ठेवणारा स्क्रू ढिला होता! पट्टी बंद ठेवून वायर ताणली आणि स्क्रू आवळला. दुसऱ्या पहाटे चोक पूर्ण ओढला, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला नाही, आणि दुसऱ्या किल्लीला गाडी पेटली.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. नाहीतर सेल्फ तापतो आणि बॅटरी बसते. गाडी तापू लागली की चोक हळूहळू आत ढकलायचा. तो तसाच राहिला तर काळा धूर येतो, पेट्रोल वाया जातं आणि प्लग काजळतात. आणि बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आम्ही गाडी ढकलत अंगणात आणतो, मगच किल्ली लावतो. ढकलायला चौघी लागतात, थंडीत तेवढीच ऊब.