जीव वाचल्यानंतर

राजस्थानातील जयपूर म्हटले की कृत्रिम पायाचे स्मरण होते. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या परिश्रमांतून १९६८ च्या सुमारास तेथे ‘जयपूर फूट’ तयार झाला. पाय गमावलेल्या माणसाचे व्यंग डोळ्यांना दिसते. मेंदूला झालेली इजा मात्र तशी दिसत नाही.

याच जयपुरात २००५ च्या फेब्रुवारीत पोलो खेळताना जोधपूरचे युवराज शिवराजसिंह घोड्यावरून पडले व त्यांच्या मेंदूला गंभीर दुखापत झाली. ते दीर्घकाळ बेशुद्ध होते. पुढे त्यांचे वडील गजसिंह यांनी २००७ मध्ये ‘इंडियन हेड इंजरी फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. राजघराण्यालाही ज्या संकटाने हतबल केले, ते स्कूटरवरून पडलेल्या एखाद्या कारकुनाच्या घरी आले तर काय होत असेल?

तो रुग्णालयातून घरी येतो. जखम भरलेली असते. ‘दैव बलवत्तर’ म्हणून आप्तेष्ट निरोप घेतात, आणि खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. सकाळी सांगितलेले त्याला संध्याकाळी आठवत नाही. शांत स्वभावाचा हा गृहस्थ क्षुल्लक कारणावरून संतापतो, किंवा दिवसभर नुसता बसून राहतो. घरचे म्हणतात, ‘हा मुद्दाम करतो.’ वस्तुतः रागाला आवर घालणे आणि कामाला आरंभ करणे ही कपाळामागील मेंदूची कामे आहेत. तोच भाग दुखावला असेल, तर दोष स्वभावाचा नव्हे. कित्येकांची वाचा जाते, पण समज बऱ्याच अंशी शाबूत असते. अशा माणसादेखत त्याच्याविषयी बोलू नये, त्याच्याशी बोलावे.

दिनक्रम ठरावीक ठेवावा, तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि पुरेशी विश्रांती द्यावी. सरावाने मेंदू नव्या वाटा शोधतो. मात्र त्याला महिने, कधी वर्षे लागतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या इजेचे स्वतंत्र नाव नाही. तथापि तिच्यामुळे कायमचे वाचावैकल्य वा चलनवैकल्य आल्यास त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्यासाठी अवश्य चौकशी करावी.

आणि त्या गृहिणीचे काय? पती समोर बसलेला असतो, पण पूर्वीचा तो नसतो. हे दुःख तिने कोणापाशी बोलावे? रुग्णालयात डबा पोहोचविणारे शेजारी पुष्कळ असतात. सहा महिन्यांनी एखाद्या दुपारी दोन तास त्याच्याजवळ बसून तिला विसावा देणारा शेजारी विरळा. तेवढे तर आपल्यापैकी कोणालाही करता येईल.