गोळी सकाळच्या चहासोबत

मला विषय दिलाय तो असा, की पाळणा लांबवायची गोळी चालू असताना दारू चालते का? हे ऐकून अमरावतीची एक ओळखीची म्हणाली, "आपल्याकडच्या बाया कुठं पितात वो?" पितात की. धारणी-चिखलदऱ्याकडं होळीत कोरकू घरांमध्ये मोहाची असते, बायाही घेतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अमरावती-अकोल्यात नोकरीवाल्या, हॉस्टेलवरच्या पोरीही कधीमधी घेतात. त्यांना रागवायला मी इथं आलेली नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि मिनिटं मोजून मिळाली आहेत म्हणून ते आधीच सांगून टाकते. दारू बाई पिवो की नवरा, गोळी चुकते ती बाईची. म्हणून गोळी सकाळच्या चहासोबत घ्या. रात्री नको.

आता मूळ प्रश्न. घोटभर दारू पोटात गेली म्हणून माला-एन या आपल्या रोजच्या गोळीचा जोर मरत नाही. गोळी आपलं काम करत राहते. मग बिघडतं कुठं? हरभऱ्याच्या वावरात जागलीला माणूस बसवतो ना आपण, तशी ही गोळी आहे. जागल्या रोज माळ्यावर पाहिजे. आज आहे, उद्या नाही, असं झालं की डुकरं आणि रोही कुंपण ओलांडतात, आणि आदल्या रातीची जागल त्या रातीला कामी येत नाही. दारूच्या वासानं जागल्या मरत नाही, पण तो त्या रातीला माळ्यावर चढतच नाही. विसरणं म्हणतात ते हेच.

दुसरी गत उलटीची. गोळी घेतली आणि दोन तासांच्या आत उलटी झाली, तर जागल्या माळ्यावर चढायच्या आधीच वाटेतून परतला असं धरा आणि दुसरी गोळी घ्या. त्यानं पाकीट एक दिवस आधी संपेल, म्हणून आशाताईकडून एक जास्तीचं घेऊन ठेवा. माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मागायला लाजू नका. पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यातल्या 21 औषधाच्या आणि शेवटच्या 7 लोहाच्या. त्या सात कशाला, असं म्हणून फेकून देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. अवो, अंगाला लोह मिळतंच, शिवाय रोज हात पाकिटाकडं जायची सवय मोडत नाही. सवय मोडली की नवं पाकीट दोन दिवस उशिरा उघडतं, आणि सगळ्यात वाईट उशीर तो.

एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, मग पुढची तिच्या वेळेवर, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घेऊन पाकीट पुढं चालू ठेवा, पण सात दिवस निरोध वापरा. म्हणजे आपला जागल्या पुन्हा रुळेपर्यंत शेजाऱ्याला वावरात बसवायचं.

पुन्हा सांगते, कारण हीच गोष्ट कानाआड होते. आमच्या वऱ्हाडात बहुतेक बाया गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेतात. बरोबर त्याच वेळी घरधनी झिंगून येतो. ताटावरून भांडण, लेकरं उठून बसलेली, कधी मारही. त्या गोंधळात बाईला गोळी आठवेल? आणि आठवली तरी डाळीच्या डब्यात लपवलेलं पाकीट त्याच्यासमोर काढता येईल? र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली. शंभर वर्षं उलटून गेली, पाकीट अजून डाळीच्या डब्यातच आहे. म्हणून सकाळी. चूल पेटली, चहा उकळतोय, तो निजलेला आहे, घर शांत आहे, तेव्हा घ्या. रात्रीची सकाळवर आणताना मात्र जास्त अंतर पडू देऊ नका. रात्री घेतली असेल तर दुसऱ्याच दिवशी सकाळपासून सुरू करा.

गोळीचा जोर खरोखर मोडणारी औषधं निराळीच आहेत. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसीन आणि फिट्सच्या काही गोळ्या. त्यांनी यकृत असं तेज होतं की गोळीतलं औषध लवकर निघून जातं. ती चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगा. कावीळ चालू असेल, यकृत बिघडलेलं असेल, तरीही सांगा. दारू इथं मात्र आडवी येते, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं यकृत... तो विषय मोठा आहे, वेगळा वेळ मागून घेईन.

खोलीबाहेरून खूण होते आहे. रोजची गोळी जमतच नसेल तर 'छाया' आहे. ती लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली, तिच्यात हार्मोन नाही, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवार आणि बुधवार, मग आठवड्याला एकच. कॅलेंडरवर खुणा करून घ्या, नाहीतर बुधवार सुटतो आणि... बरं, वेळ झाली म्हणतात.