क्रूझचं तिकीट माणशी 45,999, मग पावणेसात लाख कुठे गेले?

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका. यात आकडे आहेत, आणि ते शेजारी बसलेल्या आईबाबांच्या कानावर गेले तर पंचाईत होते. माझी झालीच आहे.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं: "आईबाबांना क्रूझवर न्यायचंय, पैसे वसूल होतात का?" आम्ही 2024 च्या डिसेंबरात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली. आई, बाबा, ताई, भाओजी, पाच वर्षांची भाची आणि मी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे तसंच आहे.

आधी आमच्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा एसटीत कंडक्टर होते, परळ आगार. आयुष्यभर रोज रात्री तिकीट आणि रोकड यांचा ताळा जुळल्याशिवाय घरी न आलेला माणूस. अशा माणसाला मी सांगितलं, "सगळं मिळून तीन लाख. निम्मे ताई देतेय." ही थाप होती. आकडा किती होणार हे तेव्हा मलाही पूर्ण माहीत नव्हतं, पण तीन होणार नाही एवढं नक्की माहीत होतं.

आता हिशोब. जाहिरातीत माणशी 45,999. सहा जणांचे झाले पावणेतीन लाखांच्या आसपास. प्रत्यक्षात दोन केबिनचे मिळून 2,80,000 पडले. आईबाबा आणि मी बाल्कनीवाल्या केबिनमध्ये, ताईचं बिऱ्हाड आतल्या, बिनखिडकीच्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. माणशी दर हा एका केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून असतो. तिसऱ्याला बहुतेक वेळा कमी पडतं, पण एकट्याने केबिन घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे द्यावे लागतात. मी आईबाबांच्या खोलीत सोफ्यावर झोपलो ते काही मातृपितृभक्ती म्हणून नाही.

त्यावर मुंबई ते सिंगापूर विमानाचे सहा जणांचे 2,04,000. डिसेंबर, शाळांच्या सुट्ट्या, काय बोलणार. व्हिसाचे एजंटसकट 21,000. मलेशियाला तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता, तेवढं वाचलं. सिंगापुरात आधी एक रात्र आणि नंतर एक रात्र हॉटेल, दोन खोल्या, 60,000. आधीची रात्र टाळू नका. विमानाला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. क्रूझ आणि हॉटेल एजंटकडून घेतलं म्हणून त्यावर 5 टक्के जीएसटी, 17,000. शिवाय तेव्हा सात लाखांपर्यंतच्या परदेशी पॅकेजवर 5 टक्के टीसीएस होता. तो रिटर्न भरताना वळता होतो म्हणून मी हिशोबात धरत नाही, पण तेवढे पैसे त्या दिवशी खिशातून जातातच. विमा 6,000. सिंगापुरातलं खाणं आणि टॅक्सी 25,000. मलेशियातली व्हॅन 14,000. आणि जहाजावरचं बिल 48,000.

बेरीज करा. 6,75,000. माणशी एक लाख साडेबारा हजार.

या 48,000 बद्दल जरा बोलूया, कारण खरी गंमत तिथे आहे. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे आम्ही ॲप बनवतो. ॲप फुकट, आत गेलात की एकेक बटण पैशाचं. क्रूझ म्हणजे हेच, फक्त तरंगतं. मोठ्या क्रूझ कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात. त्यात उत्पन्नाचे सरळ दोन भाग असतात, तिकीट आणि जहाजावरचा खर्च. हा दुसरा भाग साधारण एक तृतीयांश भरतो. म्हणजे तिकीट विकून त्यांचं काम संपत नाही. तुम्ही चढलात की पुढचं काम सुरू.

चढताना हातात एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. जहाजावर रोख चालत नाही. खिशातून नोट काढताना जो एक क्षण हात अडतो ना, तो क्षणच काढून टाकलाय. भाचीने आईस्क्रीमच्या काउंटरवर "मामा, कार्ड दाव ना" असं म्हटलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातला प्रॉडक्ट मॅनेजर आठवला. पाच वर्षांच्या मुलीला ऑनबोर्डिंग समजलं होतं.

काय फुकट आणि काय नाही, हे साधं आहे. मुख्य जेवण, बुफे, शो, पोहण्याचा तलाव, लहान मुलांचा क्लब हे तिकिटात. दारू, मशीनची चांगली कॉफी, 'स्पेशल' उपाहारगृहं, स्पा, वायफाय, फोटो याचे पैसे वेगळे. आमचं वायफाय 6,000, एकाच फोनसाठी. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर भर समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी येऊन भेटतं. फोटोंचे 3,000 गेले. चढताना गळ्यात फुलांची माळ घालून फोटो काढतात, आणि मग आई म्हणते, "किती छान आलाय रे." संपलं.

सगळ्यात मोठी रक्कम होती टिप. माणशी, दर दिवशी, आपोआप खात्यावर. आमचे मिळून 30,000 झाले. भाचीचीसुद्धा टिप, जी अर्धा वेळ झोपलेली होती. आपल्याकडे 2023 च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार दिलेत, एक आहे ड्रिप प्रायसिंग. म्हणजे किंमत एकदम न सांगता थेंब थेंब सांगायची. आमच्या बुकिंगच्या कागदांत टिप लिहिलेली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पानाच्या तळाशी, त्या टायपात जो बाबा भिंग घेऊन वाचतात.

पण टिप काढून टाकायला काउंटरवर जाऊ नका. आमच्या टेबलावरचा वेटर गोव्याचा होता, बार्देशचा. आईने कोकणीमिश्रित मराठीत विचारलं तेव्हा कळलं, नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. कागदावरच्या आंतरराष्ट्रीय नियमातसुद्धा आठवड्याला 72 तासांपर्यंत काम बसतं. बाबांनी त्याला विचारलेला पहिला प्रश्न होता, "डबल ड्यूटीचे वेगळे मिळतात का?" तो हसला फक्त. शेवटच्या रात्री बाबांनी त्याला हातात वेगळे पैसे दिले आणि आईने बाकरवडीचं न फोडलेलं पाकीट. मी काहीच बोललो नाही.

आता बंदरं. जाहिरातीत लिहितात, "चार दिवसांत दोन शहरं." पोर्ट क्लांगला उतरलो. तिथून क्वालालंपूर व्हॅनने सव्वा तास. जाऊन येऊन अडीच तास रस्त्यावर, आणि संध्याकाळी वेळेत परत. जहाजाची स्वतःची सहल घेतली असेल आणि उशीर झाला तर ती त्यांची जबाबदारी, स्वतःची गाडी केली असेल तर तुमची. आम्ही स्वतःची केली होती, त्यामुळे मी दिवसभर घड्याळच बघत होतो. बाटू केव्हजला 272 पायऱ्या आहेत. आईच्या गुडघ्यांना पहिल्या दहाच पुरे. तिने खालूनच मुरुगनाच्या सोनेरी मूर्तीला हात जोडले. पेट्रोनास टॉवरसमोर दहा मिनिटं. हे काही शहर बघणं नव्हे.

पेनांग मात्र वेगळं. जहाज थेट जॉर्ज टाउनला लागतं, उतरून चालत लिटल इंडिया. आईने तिथे केळीच्या पानावर जेवून भाताला नावं ठेवली, म्हणजे दिवस चांगला गेला. तर नियम एवढाच, बुक करण्याआधी नकाशावर बघा की जहाज लागतं कुठे आणि शहर आहे कुठे. आणि ज्याला खरंच देश बघायचाय त्याने विमानाने जावं. इतक्या पैशात पेनांगमध्ये आठवडा निघाला असता.

मग क्रूझवर बघायचं काय? तर एकमेकांना. आणि इथे माझा हिशोब जरा डगमगतो.

बाबांचं गाव विजयदुर्गजवळ. लहानपणी ते आजोबांबरोबर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, पावसाळा सोडून बोटी चालायच्या. डेकवर चढलं की पहिलं काम, चादर टाकून जागा अडवायची. रात्री विजयदुर्गला बोट बाहेरच उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला. ताईला दुसऱ्या दिवशी जरा मळमळलं, तर बाबा इतक्या आनंदाने म्हणाले, "बोट लागली तुला!" बोटी बंद होऊन पस्तीसेक वर्षं झाली, शब्द अजून आहे. आणि तिसऱ्या दिवशी, जेव्हा दिवसभर नुसता समुद्र होता, मी सकाळी डेकवर गेलो तर तलावाजवळच्या सहा खुर्च्यांवर सहा टॉवेल. बाबा साडेपाचला जाऊन जागा अडवून आले होते.

त्या सहापैकी एका खुर्चीवर आई बसली. आता हे ऐकायला मोठं वाटणार नाही. आमच्याकडे सुट्टी म्हणजे मे महिन्यात गावचं घर, पंधरा माणसं, आणि आई चुलीपाशी. मला आठवतं तेव्हापासून असंच. लॉजवर राहिलो तरी तिच्या पिशवीत इंडक्शनची शेगडी. जहाजावर पहिले दोन दिवस तिला हातांचं काय करावं कळेना. बुफेत लोकांच्या उष्ट्या ताटल्या उचलायला लागली, वेटरने हात जोडून थांबवलं. तिसऱ्या दिवशी मात्र ती दोन तास बसली. वाचत नव्हती, फोन नव्हता, बोलतही नव्हती. भाची क्लबमध्ये, ताई झोपलेली. मी माझ्या आईला काही न करता बसलेलं इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मी एकोणतीस वर्षांचा आहे.

तेव्हा मला वाटलं, वसूल.

मग शेवटची रात्र आली. रात्री दाराशी बिलाचा कागद येतो. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बाबा पलंगावर चष्मा लावून बसलेले, कागदावर पेनाने गुणाकार चालू. सिंगापूर डॉलरचा भाव त्यांनी रिसेप्शनला फोन करून विचारला होता. म्हणाले, "हे अठ्ठेचाळीस हजार तीन लाखांत धरलेत का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग बाकीचं पण सांग."

सांगितलं सगळं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. फक्त म्हणाले, "तू नोकरीला लागून सहा वर्षं झाली. तुमच्याकडे एका मेलवर माणसं काढतात. आणि मला खोटं तिकीट देतोस?" कंडक्टरला खोटं तिकीट. मला रात्रभर झोप आली नाही. सोफाही वाईट होता.

घरी आल्यावर आठवड्याने मी आईला विचारलं, परत जाशील का. मुंबईहूनही जहाजं सुटतात आता, गोव्याला, लक्षद्वीपला. विमान नाही, व्हिसा नाही, खर्च निम्म्याहून कमी. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "समुद्र छान होता. पण मला खरं आवडलं ते आयतं जेवण. आपल्या डोंबिवलीत दोन माणसांच्या स्वयंपाकाला बाई काय घेते रे?"

हे वाक्य माझ्या आईच्या तोंडून. ताई आणि मी पाच वर्षं मागे लागलो होतो, दर वेळी उत्तर एकच, दुसरीच्या हातच्या पोळ्या आमच्या घशाखाली उतरत नाहीत. चार दिवस दुसऱ्यांच्या हातचं खाल्लं आणि घसा सुटला.

मी म्हटलं, साडेचार हजारांच्या आसपास. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "सहा लाख पंचाहत्तर हजार भागिले साडेचार हजार. दीडशे महिने. साडेबारा वर्षं."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. फिरायला म्हणून क्रूझ महाग आहे. तीन पिढ्यांनी एका जागी, कुणी राबल्याशिवाय चार दिवस राहायला म्हणून ती चांगली आहे, पण जाहिरातीचा आकडा अडीचने गुणून मगच ठरवा, आणि तो गुणाकार घरच्यांसमोर करा. कर्ज काढून तर अजिबात नको. आणि आईने खुर्चीत बसावं एवढंच हवं असेल, तर आधी बाबांचा तो भागाकार करून बघा. मी क्रमाने उलटं केलं. आधी बाई लावू म्हटलं असतं तर आई ऐकली असती का, मला नाही वाटत.

आता रोज सकाळी साडेनऊला त्या स्वयंपाकाच्या मावशी येतात. पगार बाबा देतात, माझ्याकडून घेत नाहीत. आई अजून ओट्याशी उभी राहून "मीठ बेताचं हं" वगैरे सांगते. पण परवा व्हिडिओ कॉल केला तर मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि आई बाल्कनीत होती.