भगत जवळ, वैद्य दूर
(म्हसळा येथील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



घरातील कोणाची झोप उडाली, भास होऊ लागले, की 'बाहेरचे झाले' म्हणून अंगारे-उतारे सुरू होतात. पुढे लोकलज्जेपायी रुग्णास कोंडले वा बांधले जाते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांत जखडलेले मनोरुग्ण आगीत होरपळले. २८ जीव गेले.

भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर रुग्णास लांबचा प्रवास करावा लागू नये, उपचार निवासाजवळ मिळावेत, असे शासनावर बंधन घातले.

तरीही म्हसळ्याच्या मजुराला भगत हाकेच्या अंतरावर असतो आणि मनोरुग्णालय ठाण्याला. रोजगार बुडवून, एस.टी.चे भाडे भरून तो दरमहा कसा जाणार? त्याच्या वर्तनास केवळ अज्ञान म्हणणे हा अन्याय आहे.

म्हणून आपले कार्य दुहेरी आहे. हा आजार आहे, कलंक नव्हे, हे घरोघर सांगावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक पोहोचवावा. त्याचबरोबर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञाची नियमित फेरी आणि औषधांचा अखंड पुरवठा यांसाठी संघटितपणे झगडावे. प्रबोधनाने माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत येईल. ते दार उघडे ठेवणे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते करवून घेणे आपले.