किल्ल्या कोणाकडे?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एक छोटंसं पत्रक काढलं. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता आहे, म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आहे, असा त्यातला मजकूर. ही टीसीएस आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतली कंपनी. तिचा व्यवसाय मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवण्याचा. त्या वेळच्या बातम्यांनुसार सुमारे ३०० छोट्या बँकांना याचा फटका बसला. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. पण ज्यांचे यूपीआयचे पैसे अडकले, त्यांतल्या बहुतेकांनी या कंपनीचं नाव तोवर ऐकलंही नसेल. त्यांचा व्यवहार आपल्या गावातल्या बँकेशी होता.

आजचा विषय आहे अशा न दिसणाऱ्या कंपन्यांचा. धंद्याच्या भाषेत त्यांना मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणतात. तुमच्या-माझ्या भाषेत, पूर्वीचा एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेणारा. ऑफिसातल्या एका खोलीत सर्व्हर, शेजारी यूपीएस, एसी कायम चालू. काही बिघडलं की फोन करायचा, माणूस यायचा, चहा घेऊन दुरुस्ती करून जायचा. पुढे तो लांबूनच इंटरनेटवरून लक्ष ठेवू लागला आणि दरमहा पैसे घेऊ लागला. इथपर्यंत यंत्र तुमचंच होतं.

२००६ मध्ये ॲमेझॉनने आपले संगणक इंटरनेटवरून तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली; यालाच क्लाउड म्हणतात. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटर उघडली. २०१६ मध्ये ॲमेझॉन मुंबईत आलं. दुरुस्तीसाठी सर्व्हरच उरला नाही, तर दुरुस्तीवाल्याने करायचं काय? अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओच्या रॅकस्पेस कंपनीवर हीच वेळ आली. १९९८ पासून तिचा धंदा स्वतःची यंत्रं भाड्याने देऊन ती सांभाळण्याचा. ॲमेझॉनशी तिने काही वर्षं स्पर्धा केली, आणि २०१५ मध्ये सरळ त्याच ॲमेझॉनच्या व मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची गिऱ्हाइकांची कामं सांभाळायला घेतली. मला यात शहाणपण दिसतं. यंत्र दुसऱ्याचं झालं, तरी ते नीट वापरण्याची अक्कल विकता येते.

ही अक्कल सर्वात जास्त लागते बिलात. सर्व्हर विकत घेतला की खर्च एकदाच व्हायचा. क्लाउडचं मीटर रिक्षासारखं, उभं राहिलं तरी पडतं. शुक्रवारी चाचणीसाठी सुरू केलेलं यंत्र बंद करायचं राहिलं, तर शनिवार-रविवारचेही पैसे लागतात. यंत्र काढून टाकलं तरी त्याची डिस्क मागे राहू शकते, आणि तिचं भाडं चालूच राहतं. डेटा बाहेर न्यायचाही आकार असतो. उलट, एक किंवा तीन वर्षांच्या वापराची हमी दिली की बरीच सूट मिळते. हे सगळं पाहून बिल आटोक्यात ठेवणं हे आता सेवा कंपन्यांचं मोठं काम झालं आहे. गोम अशी, की यातल्या अनेक कंपन्या क्लाउडच्या विक्रेत्याही असतात आणि तुमच्या बिलावर टक्केवारी मिळवतात. ज्याची कमाई बिलाबरोबर वाढते, तो बिल किती मनापासून कमी करेल?

दुसरं काम सुरक्षेचं. क्लाउड कंपनी इमारत आणि यंत्रं सांभाळते. पासवर्ड, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या आणि तुमचा डेटा, हे तुमच्याकडेच राहतं. बॅकअपही बहुधा तुम्हालाच पाहावा लागतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून गेलं. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला.

हे बॅकअप आणि परवानग्या तुमच्या वतीने सांभाळायच्या म्हणजे सेवा कंपनीला सगळीकडे प्रवेश हवा. धोका तिथेच आहे. २ जुलै २०२१ रोजी कसेया कंपनीच्या सॉफ्टवेअरवर हल्ला झाला. गिऱ्हाइकांचे संगणक लांबून सांभाळायला सेवा कंपन्या ते वापरत. साठच्या आत सेवा कंपन्या सापडल्या, पण त्यांच्यामार्फत पंधराशेपर्यंत व्यवसाय अडकले. स्वीडनमध्ये कोऑप साखळीची गल्ल्यावरची यंत्रणा बंद पडली आणि सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली. कोऑप कसेयाचं थेट गिऱ्हाईकही नव्हतं.

मग उत्तरदायी कोण? रिझर्व्ह बँकेचे १० एप्रिल २०२३ चे निर्देश स्पष्ट आहेत: आयटीचं काम बाहेर दिलं तरी बँकेची आणि तिच्या संचालक मंडळाची जबाबदारी कमी होत नाही. पहिल्या दोन स्तरांतल्या, म्हणजे लहान, नागरी सहकारी बँका मात्र त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचा आयटी विभाग नावापुरताच, त्याच मोकळ्या! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, काम करणारा दुसरा असला तरी जबाबदारी डेटा घेणाऱ्या संस्थेचीच आहे, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. सायबर सुरक्षेसाठीची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. तुमच्या करारात रविवारी रात्री फोन कोण उचलणार, हे लिहिलं आहे का?

या सभागृहात पतसंस्थांचे संचालक आहेत, कारखानदार आहेत, सीए आहेत. माझी विनंती एवढीच, की पुढचं नूतनीकरण जुन्या एएमसीच्या कागदावर तारीख बदलून करू नका. क्लाउडचं मूळ खातं संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर असू द्या. सेवेचं शुल्क बिलाच्या टक्केवारीवर ठेवू नका. आणि सहीपूर्वी सेवा कंपनीला सांगा, आमच्यासमोर कालच्या बॅकअपमधून एक खातेवही परत उभी करून दाखवा. जी कंपनी हे टाळेल, तिला काम देऊ नका.